सहा वर्षांखालचे नागरिक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात तान्हा पोळा भरतो. बाहेरगावच्या वाचकांना एवढे सांगितले पाहिजे की, हा लाकडी बैलांचा आणि लहान मुलांचा सण आहे आणि तो भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला आहे. चाकांवरचे बैल दोरीने ओढीत मुले मोहल्ल्याच्या मैदानावर जमतात, रांगेत उभी राहतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा मागतात. कुणाचा बैल सागवानी आणि मुलाच्या कमरेइतका उंच असतो; कुणाचा बापाने ओंडका तासून केलेला असतो; कुणाचा नुसता मातीचा. पण रांग एकच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही रांग मोडते. सागवानी बैलाचा धनी गळ्यात टाय बांधून कॉन्व्हेंटला जातो. (आमच्याकडे तीन वर्षांच्या मुलांच्या कोणत्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तेथे जोगीण असण्याची अट नाही.) मातीच्या बैलाचा धनी अंगणवाडीत जातो, खिचडी खातो आणि परत येतो. ओंडक्याच्या बैलाचा धनी कित्येकदा कुठेच जात नाही. तो आईबरोबर बांधकामावर वाळूच्या ढिगाऱ्यावर बसतो, नाही तर मोठ्या बहिणीच्या कडेवर दिवस काढतो.

तिसऱ्या वर्षी मुलांच्या रांगा वेगळ्या करण्याचा अधिकार समाजाला कुणी दिला, असा माझा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला पाहिजे. तो कृपा म्हणून नव्हे, कायद्याने उचलावा. आणि केवळ गरिबाच्या नव्हे, प्रत्येकाच्या मुलासाठी उचलावा.

हे मी कोणत्या जागेवरून बोलते आहे, ते आधी सांगून टाकते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. गेली अनेक वर्षे मी एका खासगी संस्थेच्या विनाअनुदानित बालवर्गावर शिकवते. मला सातवीचा वर्ग कुणी दिला नसता, आणि ते योग्यच झाले असते. त्यासाठी पदविका लागते, परीक्षा लागते. तीन वर्षांची तीस मुले मात्र माझ्या हवाली करताना मला कुणी काही विचारले नाही. माझ्या कादंबऱ्या पाहून हा विश्वास टाकला असे म्हणावे, तर त्या संस्थेत कुणी वाचलेल्याही नव्हत्या. खरे कारण साधे होते. या वयाच्या मुलाला शिकवणे हे कामच नव्हे, ते नुसते सांभाळणे आहे, असे आपण सर्वांनी मनोमन ठरवून टाकले आहे. मी मागते आहे तशी व्यवस्था उद्या खरोखर आली, तर माझी जागा बहुधा जाईल. तेव्हा निदान स्वार्थाचा आरोप तरी माझ्यावर येऊ नये.

आता कायद्याकडे वळू. आपल्या राज्यघटनेच्या ४५व्या कलमात मूळचे वचन काय होते, ते फार थोड्यांना आठवते. घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत, वयाची चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे ते वचन होते. त्यात 'सहा वर्षांपासून' हे शब्द नव्हते. घटनाकारांनी वरची मर्यादा घातली, खालची घातली नाही. दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली. पुढे १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मुलाचा मूलभूत अधिकारच आहे. त्यावर २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली, आणि तिचा गाजावाजा झाला तो 'शिक्षण आता हक्क झाले' असा. परंतु हा हक्क मिळाला सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. सहा वर्षांखालच्या मुलांना उचलून पुन्हा मार्गदर्शक तत्त्वांच्या फडताळात ठेवण्यात आले : राज्य त्यांच्यासाठी 'प्रयत्न करील.' एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. देणाऱ्या हाताकडे सगळ्यांचे लक्ष होते, घेणाऱ्याकडे कुणाचेच नव्हते.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने हीच रीत चालू ठेवली. त्याच्या ११व्या कलमात तीन वर्षांवरील मुलांच्या मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाचा उल्लेख आहे; पण तेथे क्रियापद आहे 'करू शकेल.' सरकार व्यवस्था करू शकेल! या तीन अक्षरी 'शकेल'ने देशातील कोट्यवधी मुलांना दाराबाहेर उभे केले आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनची पाच वर्षे हा शिक्षणाचा पाया मानला आणि २०३०पर्यंत सर्वांना बालशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले, ही चांगली गोष्ट आहे. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. धोरण पाळले नाही तर आईला न्यायालयात जाता येत नाही.

या विषयात महाराष्ट्राला कुणाकडून धडे घेण्याची गरज नाही, हे त्यातले विशेष दुःख आहे. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. या ताराबाई विवाहानंतर काही वर्षे आमच्या अमरावतीलाच होत्या. शहरातील सुखवस्तू मुलांच्या बालमंदिरांवर त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये त्यांचे काम वाढले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांच्या वस्तीतल्या अंगणात शाळा नेली. त्या शाळेचे नाव अंगणवाडी. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडेनात, तेव्हा कुरणशाळा निघाली. लहान भावंडे कडेवर घेऊन येणाऱ्या मुली दिसल्या, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आली. तिला विकासवाडी म्हणाले. शिंपले, बिया, पाने, माती, जे परिसरात मिळेल ते साधन झाले. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांनी अशी आपल्या मातीत रुजवली.

इकडे आमच्या शेजारी वर्धेला १९३७ साली जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून निघालेली योजना सात वर्षांपासून सुरू होत होती. पण १९४५पर्यंत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत वाढवली, आणि सेवाग्रामात पूर्वबुनियादी शिक्षणाचे काम उभे राहिले. इतकेच कशाला, १९४४च्या सार्जंट योजनेनेही दहा लाख बालकांसाठी मोफत शिशुशाळा सुचवल्या होत्या. महायुद्धाच्या खर्चाने वाकलेल्या परक्या सरकारच्या कागदावर जे सुचू शकले, ते स्वकीय सरकारांना मनावर घ्यायला इतकी दशके का लागावीत?

"पण अंगणवाडी आहे ना!" असे उत्तर मिळते. आहे. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ताराबाईंचा शब्द देशभर गेला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदा लाख अंगणवाड्यांचा आदेश दिला. या योजनेने पुष्कळ मुलांच्या पोटात चार घास घातले, लशी टोचवल्या, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. परंतु शब्द गेला आणि अर्थ मागे राहिला. अंगणवाडीच्या सहा सेवांपैकी बालशिक्षण ही एक; आणि ज्या बाईने ते द्यायचे, तिने वजने घ्यावीत, आहार वाटावा, गरोदर बायांच्या घरी जावे, नोंदी भराव्यात, मोबाइलवर माहिती चढवावी, आणि मग वेळ उरला तर गोष्ट सांगावी. शहरात तर जागेपासून अडचण. भाड्याची दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, आणि बाहेर नागपूरचा मे महिना!

तिच्या मोबदल्याला आपण वेतन म्हणत नाही, मानधन म्हणतो. तिला शिक्षिका म्हणत नाही, सेविका म्हणतो. हे शब्द उगीच निवडलेले नाहीत. केंद्राने आपल्या हिशेबातले मानधन २०१८ साली महिना साडेचार हजार केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. त्याच वर्षी आपल्या राज्य सरकारने या सेविकांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेचा कायदा लावला. विधानसभेत गदारोळ झाला तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. म्हणजे पैसे देण्याची वेळ आली की बाई मानसेवी, आणि संपावर गेली की अत्यावश्यक! २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदान देण्याचा निकाल दिला आणि हे काम अर्धवेळ आहे हा बचाव नाकारला. तरी डिसेंबर २०२३मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना पुन्हा संपावर जावे लागले आणि जानेवारी उलटत आला तेव्हा त्या परतल्या. आणि पोषणाचे काय? २०१७ साली सर्वसाधारण बालकाच्या दिवसाच्या आहाराचा दर आठ रुपये ठरवला गेला. आमच्याकडे आठ रुपयांत तर्री-पोह्याची प्लेटही येत नाही.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप भावनेचा आहे. आईची मांडी हीच मुलाची पहिली शाळा. तिच्यापासून त्याला सरकारने का तोडावे? हा आक्षेप घेणारे गृहस्थ बहुधा ज्या घरात बसून बोलतात, त्या घरची भांडी त्याच वेळी कुणाची तरी आई घाशीत असते. तिची मांडी रिकामी नाही. आणि ज्यांच्या आया घरी आहेत, त्यांनी आपली मुले तिसऱ्या वर्षी मांडीवरून उतरवून केव्हाच कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवली आहेत. मांडीचा महिमा दुसऱ्यांच्या मुलांपुरताच राहिला आहे.

येथे एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या संस्थेच्या प्राथमिक शाळेत तिसरीत एक मुलगी होती. आई धुणीभांडी करायची, बाप हमालीला. ही पोर तीन वर्षांच्या भावाला घेऊन वर्गात बसायची. तो रडायचा, म्हणून तिला बाहेर उभे करण्यात आले. मी त्याला माझ्या वर्गात घेतले. पहिले दोन दिवस तो दाराशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने चिंचोके मोजले. आठव्या दिवशी तो गाणे म्हणू लागला. नवव्या दिवशी कारकून आला आणि फी कुणाच्या नावावर लावायची म्हणून विचारू लागला. दहाव्या दिवशी तो आला नाही, आणि त्याची बहीणही आली नाही. ती पुन्हा कधीच आली नाही. तिच्या हक्काचे वय होते, कायदा तिच्या बाजूने होता. पण तिच्या कडेवर जे बसले होते त्याला कायदा ओळखत नव्हता. मी त्या दिवशी तोंड उघडले नाही. नोकरी जाईल ही भीती होती. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याची उशिरा केलेली भरपाई आहे असे कुणी म्हटले, तर मी नाकारणार नाही. परंतु त्या प्रसंगाने मला हिशेब शिकवला : एक बालवाडी दोन मुलांना शाळेत पाठवते, एक तीन वर्षांचे आणि एक नऊ वर्षांचे; आणि त्या दुसऱ्या मुलाच्या जागी बहुधा मुलगी असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढा पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितले की, सरकारचा महसूल येतो बहुजनांच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. १९११ साली नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. तेव्हाही पैसा नाही, लोकांची तयारी नाही, असेच सांगितले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा त्यांचा खजिना काही हिंदुस्थान सरकारच्या खजिन्याहून मोठा नव्हता. पैसा असतो, यादीत कुणाचे नाव आधी घालायचे एवढाच प्रश्न असतो. तीन वर्षांच्या मुलाला मत नाही, म्हणून त्याचे नाव शेवटी.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. बालशाळांचा खरोखर उपयोग होतो का? अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरच्या १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्याजवळ मुलांना उत्तम बालशाळा दिली, बाकीच्यांना नाही. आणि ती चाळिशीला पोहोचेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. बालशाळेत गेलेल्यांमध्ये नोकरीवर असणारे अधिक आणि अटक झालेले कमी निघाले. हा दाखला सगळे देतात. पण प्रामाणिकपणे दुसराही दिला पाहिजे. त्याच देशात टेनेसी राज्याच्या सरकारी बालवर्गांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, आणि सहावीपर्यंत गेल्यावर त्या वर्गांतली मुले इतरांपेक्षा मागे पडलेली आढळली. विरोधकांना हा पुरावा हवाहवासा वाटेल. मला त्यातून एवढेच दिसते की, बालशाळा हे औषध नव्हे की पुडी उघडून दिली आणि गुण आला. इप्सिलांटीत पाच-सहा मुलांमागे एक शिकलेली शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला घरी जाऊन आईला भेटत होती. लहान मुलांना रांगेत गप्प बसवून अक्षरे गिरवायला लावणे म्हणजे बालशिक्षण नव्हे. आमच्या कॉन्व्हेंटांतून नेमके तेच चालते, आणि ते फी घेऊन चालते. आपल्याच देशातला दाखला हवा असेल तर तमिळनाडूचा आहे. तेथील काही अंगणवाड्यांत केवळ बालशिक्षणासाठी आणखी एक अर्धवेळ कार्यकर्ती नेमून पाहिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुले भाषेत आणि गणितात पुढे गेली, आणि पहिल्या बाईचे हात मोकळे झाल्यामुळे खुरटलेल्या मुलांचे प्रमाणही घटले. म्हणजे अंगणवाडी नालायक नाही; ती एकटी आहे.

चौथा आक्षेप माझ्या समाजवादी मित्रांचा. गरिबांना मोफत द्या, श्रीमंतांच्या मुलांवर सरकारी पैसा का उधळता? ऐकायला हे न्यायाचे वाटते. परंतु केवळ गरिबांसाठी म्हणून जे काढले जाते, ते लवकरच स्वतःच गरीब होते. ज्या अंगणवाडीत वस्तीबाहेरचे एकही मूल नाही, तिचा पत्रा गळला तर तक्रार कोण करणार, आणि केली तर ऐकणार कोण? त्याच सतरंजीवर डॉक्टराचे, वकिलाचे, नगरसेवकाचे मूल बसू द्या. आठ दिवसांत पत्रा दुरुस्त होतो की नाही ते पाहा. श्रीमंताचे मूल तेथे यावे ते त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. त्याच्या बापाचा आवाज शाळेला मिळावा म्हणून. शिवाय त्या मुलालाही काही मिळेलच. आमच्या शहरात कुणाच्या घरी गोंडी बोलतात, कुणाच्या हलबी, कुणाच्या छत्तीसगढी, कुणाच्या वऱ्हाडी. तिसऱ्या वर्षी ही मुले एकमेकांचे शब्द खेळता खेळता उचलतात. तिसाव्या वर्षी त्यांना त्यासाठी परिषदा भरवाव्या लागतात.

मग काय करावे? मी तीन साध्या गोष्टी मागते. कायद्यातल्या सहाच्या जागी तीन घालावे आणि 'करू शकेल'च्या जागी 'करील' घालावे. प्रत्येक अंगणवाडीत आहार-आरोग्याची बाई वेगळी आणि बालशिक्षिका वेगळी असावी. त्या शिक्षिकेला प्रशिक्षण द्यावे आणि तिला प्राथमिक शिक्षकाच्या बरोबरीचे वेतन, 'वेतन' हाच शब्द वापरून, द्यावे. आज काम करणाऱ्या सेविकांना ती संधी पहिली मिळावी. आणि तिसरे, जागा. आमच्या नागपूर महापालिकेच्या कित्येक मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडल्या. फळे, नळ, मैदान, लिंबाची सावली असे सगळे असलेल्या इमारती कुलपात आहेत किंवा कुणाच्या तरी डोळ्यांत सलताहेत. तेथे बालवाड्या भरवा. पटसंख्या पहिलीत शोधून सापडत नाही, कारण ती तीन वर्षे आधीच कॉन्व्हेंटच्या गाडीत बसून निघून गेलेली असते. ज्याला आपली मराठी शाळा वाचवायची आहे, त्यानेही सुरुवात तिसऱ्या वर्षापासूनच केली पाहिजे.

हे झाले नाही तर काय होईल? काही मोठा प्रलय होणार नाही. आज चालले आहे तसेच चालू राहील. पुढच्या वर्षी पुन्हा तान्हा पोळा भरेल, मुले पुन्हा एका रांगेत उभी राहतील, आपण त्यांना बोजारा देऊ, कौतुकाने पाहू आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती रांग मोडू. त्या तिसरीतल्या मुलीचा भाऊ आता बाप्या झाला असेल. त्याला चिंचोके अजून आठवत असतील का, कोण जाणे. मला आठवतात, त्याने बारापर्यंत मोजले होते.